सगळेच सांगणारे

कापूरहोळला पुणे-सातारा महामार्ग सोडून एक रस्ता भोरकडे वळतो आणि दुसऱ्या अंगाने एक नारायणपूरवरून सासवडकडे निघतो. बालाजीच्या दर्शनाला आलेल्या बसगाड्या, भोरच्या एसट्या, शिरवळच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक, सगळे या फाट्यावर एकमेकांना हॉर्न देत असतात. मुलांच्या गाण्याच्या तालमीला याहून गैरसोयीची जागा शोधून सापडायची नाही. तरी दर हिवाळ्यात निवडक मुलांच्या समूहगानाची तालीम मी इथेच लावते. हिरडस मावळातलं पोर भोरवरून एसटीने येतं. गुंजण मावळातलं, म्हणजे वेल्ह्याकडचं (तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे), नसरापूरपर्यंत वडापने आणि पुढे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येतं. दोघांनाही अंधार पडायच्या आत घर गाठता येईल, असं मधलं ठिकाण हेच.

अमेरिकेत 'ऑनर क्वायर' नावाचा प्रकार असतो. तिथल्या मोठ्या शाळांचे स्वतःचे गायकवृंद असतात. त्यांतली उत्तम मुलं आवाज ऐकून निवडतात आणि त्यांना स्वरलिपी आधीच पाठवून देतात. मुलं आपापला भाग पाठ करून येतात आणि पाहुणा संचालक दोन-तीन दिवसांत कार्यक्रम उभा करतो. तिथे निवड होणं हा मान आहे. आमच्याकडे मानापेक्षा ती गरज जास्त. वाडीवरच्या शाळेचा पट कुठे पंधरा, कुठे नऊ. शिक्षक दोन, गणित, गाणं आणि पोषण आहाराची नोंदवही त्यांच्याच हातात. अशा शाळेतल्या मुलीने चाळीस मुलांचा एक सूर कधी ऐकलेलाच नसतो. सप्ताहात मोठी माणसं गातात तेवढंच तिच्या कानावर पडतं. तिच्या शाळेत वृंद होऊच शकत नाही, म्हणून दहा-बारा शाळा एकत्र करायच्या. मी हायस्कूलला संगीत शिकवते, पेटी माझी, तबलजी ओळखीतला आणि हॉल रस्त्यालगतचा. लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी तो आम्हाला मिळतो.

शाळांना निरोप जातो : चांगली गाणारी तीन-चार मुलं पाठवा. शाळा अगदी मनापासून आपलं सर्वात उत्तम ते पाठवतात. आणि तिथूनच खरं काम सुरू होतं.

आमच्या भागात परिपाठाला एक मुलगी रांगेपुढे उभी राहून प्रार्थना 'सांगते'. ती एक ओळ म्हणते, मागची मुलं तीच ओळ म्हणतात. एकदा तिसरीत तिचा नंबर लागला की तो सातवीपर्यंत हलत नाही. साने गुरुजींची प्रार्थना तीच सांगते, पाहुणे आले की स्वागतगीत तीच म्हणते आणि स्नेहसंमेलनात माइक तिच्याच हातात. शाळा पाठवते ती हीच मुलगी, नाहीतर असाच एखादा मुलगा. त्यामुळे माझ्यासमोर चाळीस गाणारी मुलं बसलेली नसतात, चाळीस सांगणारी बसलेली असतात. त्यांतल्या प्रत्येकाने आजवर आपल्यामागून येणारा आवाज ऐकलेला असतो. शेजारून येणारा कुणीच ऐकलेला नसतो.

पहिल्या दिवशी मी नवं गाणं काढत नाही. सगळ्यांना येतं ते राज्यगीत म्हणायला सांगते. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि आमच्या डोंगरापलीकडच्या वाई तालुक्यातल्या पसरणीचे शाहीर साबळे यांचा आवाज. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते अधिकृत राज्यगीत झालं, दोन कडवी ठरली, वेळ १ मिनिट ४१ सेकंद ठरली. तेव्हापासून ते शाळाशाळांत रोज म्हटलं जातं. पण शिकवायला माणूस नव्हता. कुणी मोबाइलवर ऐकून बसवलं, कुणी शेजारच्या गावच्या मुलांचं ऐकून. एका शाळेची मुलं ते पळत म्हणतात, दुसरीची शब्दाशब्दाला थांबत, तिसऱ्या शाळेच्या बाईंनी ओळीच्या शेवटी स्वतःची एक हरकत घातलेली असते आणि ती त्यांच्या मुलांना प्राणाहून प्रिय असते. दहा शाळा एकदम म्हणू लागल्या की पहिल्याच ओळीत गलका होतो. मी थांबवत नाही. संपूर्ण म्हणू देते. संपल्यावर मुलं एकमेकांकडे बघून हसतात. 'चुकलं' असं मला म्हणावंच लागत नाही. फक्त 'कोण चुकलं?' यावर एकमत होत नाही, कारण प्रत्येकाच्या मते बाकीचे.

मग सूर. डोंगरातल्या मुलांचा आवाज मोकळा असतो. गुरं वळताना या धारेवरून त्या धारेवर हाळी घातलेली असते, त्यामुळे छातीतून आवाज काढायला लाजत नाहीत. शहरातल्या मुलांना जे आधी उघडायला शिकवावं लागतं, ते यांच्याकडे उघडंच असतं. पण हाळी उंच जाते ती ताणून. काळी पाचला सा धरला आणि गाणं तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत गेलं, की मानेच्या शिरा दिसायला लागतात आणि सूर वर चढायचा राहून जातो. म्हणून आम्ही काळी चारला उतरतो. तिथे वरचं सोपं होतं, पण मंद्रातला धैवत पाचवीतल्या मुलींच्या गळ्यात उमटत नाही, नुसती हवा बाहेर पडते. कुठलीही पट्टी घेतली तरी कुणाचं तरी काहीतरी सुटतं. एका गवयाने आपली पट्टी निवडायची असते, चाळीस गळ्यांना एकच पट्टी कशी पुरणार?

याचं उत्तर ज्यांच्याकडून मिळालं त्यांना शाळा सहसा पाठवतच नाहीत : आठवी-नववीतले आवाज फुटलेले मुलगे. या वयात मुलाचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली जातो. तो एका रात्रीत जात नाही. काही महिने तो घसरत, अडखळत, मध्येच जुन्या जागी उडी मारत जातो. पाचवीत शाळेची शान असलेला मुलगा नववीत तोंड उघडायला तयार नसतो. एक असाच मुलगा धाकट्या बहिणीला सोडायला आला होता. दारात उभा राहून तालीम बघत होता. आत ये म्हटलं तर म्हणाला, "नाय मॅडम, माझा आवाज गेलाय."

मी त्याला मंद्र पंचम दिला. काळी चारच्या पट्टीत तो स्वर त्या वयाच्या मुलाच्या नव्या आवाजात अलगद बसतो. वर जायचं नाही, शब्द नाहीत, नुसता आकार धरून उभं राहायचं. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाची असते, ती छेडून त्याला ऐकवली आणि म्हटलं, तू ही तार. पुढच्या वेळी तो त्याच्या दोन मित्रांना घेऊन आला. त्या तिघांचा पंचम खाली पसरला आणि वरच्या मुलींचा षड्ज आपोआप जागेवर यायला लागला. धैवताची ती खालची ओळही मी मुलींकडून काढून त्यांनाच दिली. पाश्चात्त्य वृंदात चार आवाजांचे चार वेगळे भाग असतात. आपलं संगीत एकाच सुरावलीचं, म्हणून समूहगान म्हणजे सगळ्यांनी सगळं म्हणायचं अशी आपली समजूत. पण एकाच सुरावलीतही खालचा स्वर धरणारे आणि वर चालणारे अशी वाटणी करता येते. त्याला परदेशी हार्मनी लागत नाही, तानपुरा नीट ऐकलेला असला की पुरतं.

गाणी निवडताना एका वर्षी मुलांनी हट्ट धरला, पोवाडाच घ्यायचा आणि तोही शंभूराजांचा. कापूरहोळच्या मुलांचा तर हक्कच. संभाजीराजांचा जन्म पुरंदरावर १४ मे १६५७ चा, आणि त्यांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे पाटील या याच गावच्या. इतिहासाच्या पुस्तकातलं एक माणूस आपल्या गावातून निघून समोरच्या किल्ल्यावर गेलं, हे सांगताना त्या मुलांची मान ताठ होते. मी हो म्हटलं. आणि विचारलं, शाहीर कोण होणार? सगळे हात वर. झीलकरी कोण? एकही नाही.

पोवाड्यात शाहीर कथा पुढे नेतो आणि मागचे झीलकरी ओळीचा शेवट उचलून धरतात. शाहिराला श्वास घ्यायला उसंत मिळते ती या झिलीमुळे. पण झील धरणं म्हणजे मागे उभं राहणं, आणि मागे उभं राहणं म्हणजे निवड न होणं, असं त्या मुलांचं साधं गणित होतं. शाळेतून निवडून आलो ते मागे उभं राहायला का, असं एकीने स्पष्ट विचारलंही. प्रश्न चुकीचा नव्हता. आपण मोठ्यांनीच त्यांना तसं शिकवलेलं असतं.

त्या दिवशी गावच्या भजनी मंडळातले मृदंग वाजवणारे एक आबा हॉलमध्ये सहज येऊन बसले होते. मी त्यांनाच पुढे केलं. आबांनी मुलांना समजावलं नाही. "कोन शाहीर? ये पुढं," म्हणत एका सांगणाऱ्या मुलीला उभं केलं आणि तिची झील त्यांनी स्वतः धरली. सत्तरीतला माणूस सहावीतल्या पोरीच्या मागे उभा राहून तिच्या ओळीचं टोक उचलत होता, ती दमली तर लांबवत होता, ती पळाली तर मृदंगाच्या थापेने तिला मागे खेचत होता. मुलगी आधी लाजली, मग खुलली, मग चांगली गायली. आबा खाली बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "डोळं बुवाकडं ठेवायचं आन् कान शेजाऱ्याकडं. टाळकरी असाच घडतो." माझ्या संगीत विशारदच्या अभ्यासक्रमात हे वाक्य नव्हतं. पुढच्या फेरीला झीलकरी व्हायला दहा-बारा हात वर आले. बाकीचे आले नाहीत. तेही ठीक.

झील जमली तरी एक गोष्ट उरते, ती सगळ्यात अवघड : एकदम सुरुवात. आपल्याकडे गाणं कुणीतरी काढतो, बाकीचे त्यात शिरतात. भजनात बुवा काढतात, परिपाठात सांगणारी काढते, आरतीत ज्याला पाठ आहे तो काढतो. तबला असेल तर ठेक्याची दोन आवर्तनं होतात आणि समेवर सगळे येतात. पण ठेका सुरू होण्याआधीचा आलाप चाळीस जणांनी शांततेतून एकाच क्षणी उचलायचा म्हटलं, की चाळीसही जण अर्धा क्षण थांबतात, कोण काढतंय ते बघायला. सगळे सांगणारे असूनही. कारण इथे पुढे कोण ते ठरलेलं नसतं.

यावर उपाय आवाजात नसतो, श्वासात असतो. मी हात वर नेते तेव्हा सगळ्यांनी श्वास घ्यायचा, हात खाली येतो तेव्हा सूर. बाकी माझे हातवारे मुलं फार बघत नाहीत आणि त्याची गरजही नसते. तो एक श्वास मात्र बघावाच लागतो. महामार्गावर त्याच क्षणी एखादा ट्रक हॉर्न देतो आणि अर्धी मुलं त्या हॉर्नच्या सुरात सुरू होतात. पुन्हा हात वर.

माझ्या मुलांना हे समजावायला सासवड उपयोगी पडलं. ज्ञानोबांच्या पालखीचा मुक्काम सासवडला असतो आणि आमच्याकडची बरीच पोरं आजी-आजोबांबरोबर तिथे जाऊन आलेली असतात. मुक्कामाला पोचल्यावर समाजआरतीच्या वेळी तळावर दिंड्या उभ्या असतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि तो सगळा समुदाय गप्प होतो. काही हरवलं, सापडलं, कुठल्या दिंडीची तक्रार असली तर ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. "मॅडम, मी पायलंय," एकजण ओरडला. मग त्यालाच विचारलं, चोपदार ओरडून का सांगत नाहीत? थोडा विचार करून तो म्हणाला, "मागच्याला ऐकूच जाणार नाय."

हेच तर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैदानाच्या शंभर मीटर लांबच्या टोकाला तो पोचेपर्यंत सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. म्हणजे मागचा मुलगा पुढच्याचं ऐकून गायला लागला, की तो मागेच राहणार. उंच धरलेला हात मात्र दोघांना एकदमच दिसतो. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटांचे संगीतकार वसंत देसाई यांनी 'एक सूर एक ताल' या उपक्रमात मैदानावर हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावलं, तेव्हा त्यांनाही याच अंतराशी झगडावं लागलं असणार. त्याआधी मास्तर कृष्णराव फुलंब्रीकरांपुढे वेगळाच पेच होता. 'वंदे मातरम्' समूहाने म्हणायला आणि बँडवर वाजवायला जमणार नाही, असा आक्षेप घेतला जात होता. भास्करबुवा बखल्यांच्या या शिष्याने ते सगळ्यांच्या गळ्याला पेलेल असं बांधलं आणि दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांना ऐकवून दाखवलं. मैफल जिंकणाऱ्या गवयाला गर्दीसाठी चाल बांधावीशी वाटणं, ही मला मोठी गोष्ट वाटते. आपल्या गळ्यात जे आहे त्यातलं किती बाजूला ठेवायचं, हे ज्याला कळतं तोच समूहासाठी बांधू शकतो.

कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या अडचणी संगीताबाहेरच्या असतात. साऊंडवाला उत्साहाने सहा माइक आणतो आणि पुढच्या रांगेसमोर रांगेने लावतो. मग ज्या सहा मुलांसमोर माइक, तीच सहा मुलं साऱ्या गावाला ऐकू येतात, आणि त्या सहा जणांतला सांगणारा लगेच जागा होतो. मी दोनच माइक ठेवते, दोन्ही लांब आणि डोक्याच्या वर. "आवाज कमी येईल," तो म्हणतो. येऊ दे.

दुसरी अडचण माझी पाठ. मुलांकडे तोंड केलं की प्रेक्षकांकडे पाठ होते, आणि पहिल्या रांगेत सत्काराची मंडळी बसलेली असतात. एका वर्षी कार्यक्रम संपल्यावर एका पाहुण्यांनी कुजबुजत नापसंती नोंदवली : "गाणं छान झालं, पण मॅडम पूर्ण वेळ आमच्याकडं पाठ करून उभ्या होत्या." त्यांच्या शेजारच्या आजींनी परस्पर निकाल दिला, "पोरांकडं बघत व्हत्या की!" मला वेगळं काही बोलावं लागलं नाही.

या कामाने माझी निवडीची पद्धत बदलली. आता मी मुलांना एकट्याने गाणं म्हणायला लावतच नाही. दोघींना शेजारी उभं करते आणि दोघींनाही येतं असं काहीतरी हळू आवाजात एकत्र म्हणायला सांगते. मध्येच एकीला खूण करून थांबवते आणि बघते, दुसरीला कळलं का. जिचा चेहरा त्याच क्षणी वळतो, ती माझी. जी डोळे मिटून, सुरात, सुरेख गात राहते, ती चांगली गायिका होईल, तिला मी शास्त्रीय गाणं शिकायला कुठे पाठवता येईल ते सांगते. वृंदात तिला घ्यायचं की नाही, ते नंतर बघते. शाळांनाही आता निरोप वेगळा असतो : दोन मुलं पाठवा, एक प्रार्थना सांगणारं आणि एक आजवर कधीच पुढे उभं न राहिलेलं. हे दुसरं मूल निवडताना शिक्षक गोंधळतात. नऊच्या पटात कधीच पुढे न आलेलं मूल कोण, हा विचार त्यांनी आधी केलेला नसतो.

तालमीला आलेल्यांपैकी पुढे संगीत शिकलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी. बाकीची शेतीत, कंपनीत, लग्न होऊन पुण्या-साताऱ्याला. याचं मला वाईट वाटत नाही. वृंद गायक घडवण्यासाठी नसतो. तो चार माणसांत बसल्यावर आपला आवाज केवढा ठेवायचा, हे शिकण्यासाठी असतो, आणि ते घरात, ग्रामसभेत, कंपनीच्या पाळीतही लागतं.

मागच्या वर्षी तालीम संपून दोनेक आठवडे झाले असतील. वरच्या खोऱ्यातल्या एका शाळेतल्या गुरुजींचा फोन आला. सूर तक्रारीचा होता. "मॅडम, आमची सांगणारी तुम्ही बिघडवली. आता ती पुढंच उभी राहत नाही. रांगेत जाते, हात वर करते, सगळी पोरं श्वास घेतात आन् एकदमच म्हणतात."

"म्हणजे चांगलंच की, गुरुजी."

"चांगलं आहे हो. पण परवा साहेब आले होते शाळा बघायला. म्हणाले, तुमच्यात गाणारं मूल कोणतं, दाखवा. आता मी दाखवू कोणाला?"